डबा जागेवर आहे

१

रविवारी सकाळी मुलुंडची माणसं निवांत असतात. कुणी डोंगराकडे फिरायला जातं, कुणी मासळीबाजारात पापलेटाचे गाल दाबून बघतं, कुणी दहापर्यंत अंथरुणातच लोळतं. श्रुतिका तेंडोलकर डबे शोधायला जायची.

जगभर हा खेळ चालतो. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक लहानसा डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, ॲपवर तशी नोंद टाकायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवून द्यायचा. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. उन्हातान्हात भिंतींच्या भेगा चाचपायच्या आणि हात काळे करून घरी यायचं, एवढंच.

श्रुतिका अडतिसाव्या वर्षी या नादाला लागली आणि तीन वर्षांत चांगली तयार झाली. नव्या माणसाला ती बजावून सांगायची की पेन स्वतःचं न्या, डब्यातलं कधीच चालत नाही. झाडाखाली आणि उंच बिल्डिंगांच्या मध्ये फोन दहा-पंधरा मीटर खुशाल थापा मारतो, तेव्हा जवळ पोचलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. भोकात हात घालण्याआधी काठी घाला, मुंबईत विंचू नाही असं समजू नका. कुणी बघायला लागलं तर कानातलं पडलंय म्हणून सांगा. आणि डब्यात खेळण्यातल्या चिल्लर वस्तू ठेवलेल्या असतात, त्यातली एखादी उचलावीशी वाटली तर खुशाल उचला, पण बदल्यात तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवा. जास्त चालेल, कमी नाही. तशी नोंदही करायची, घेतलं काय, ठेवलं काय.

तिने स्वतः लपवलेला एकच डबा होता. मुलुंड पश्चिमेला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात जुना वजनकाटा होता. ट्रक उभा करायची ती भलीमोठी लोखंडी प्लेट आणि बाजूला तोलाऱ्याची खोली. प्लेटच्या कडेला जमिनीत एक पाइप होता, त्यात तिचा डबा. नाव ठेवलं होतं ‘वजनकाटा’.

घर मुलुंड पूर्वेला, दुसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरी. घरात ती आणि तिचे वडील गुणाजी, म्हणजे आबा. वय एक्याऐंशी. आई जानकी जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ राजेश पुण्याला. आबांना आता एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, असं त्याने दोनदा सुचवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा श्रुतिकाने त्याची अशी हजामत केली की तिसऱ्यांदा त्याने विषय काढला नाही. तिने लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. संध्याकाळी लॅबमधून दमून आल्यावर दार उघडून ‘इलंस?’ म्हणणारं एक माणूस तिला हवं होतं, आणि जगात ते एकच होतं.

आबांना तिचा हा छंद म्हणजे निव्वळ खुळेपणा वाटायचा. “लोकांनी दडवलेला हुडकूक जातंस,” ते म्हणायचे, “आणि माझो चष्मो समोर असान गावना नाय तुका.”

२

ऑगस्टच्या शेवटी वजनकाट्यावर ‘सापडला नाही’ अशा लागोपाठ तीन नोंदी आल्या. एखादी आली तर माणूस कच्चा आहे असं समजायचं. तीन आल्या की मालकाने जाऊन बघायचं, असा दंडक आहे. ॲपवाल्यांनी तसं पत्र धाडलं, की आठ दिवसांत डबा तपासा, नाहीतर तुमचं पान बंद करू.

नेमका त्याच आठवड्यात आबांना ताप भरला. एकशे दोन, एकशे तीन. श्रुतिकाने लॅबमधून रजा घेतली, कपाळावर घड्या ठेवल्या, पेज भरवली. तापात ते तिचा हात सोडत नव्हते. “माका सोडून खंय जाव नको हां,” म्हणत होते. आठवा दिवस उजाडला तेव्हा ताप उतरायला लागला होता, पण त्यांना एकटं टाकून डब्यामागे जाण्याएवढी ती वेडी नव्हती.

दुपारी आबांचा डोळा लागला होता. त्यांच्या खाटेच्या काठावर बसून, त्यांचा हात मांडीवर तसाच असताना, तिने दुसऱ्या हाताने फोन उघडला आणि लिहिलं. ‘आज स्वतः पाहून आले. डबा जागेवर आहे. बिनधास्त या.’

उंटावरून शेळ्या हाकल्या, झालं. तिला थोडं लागलं मनाला, नाही असं नाही. तिला हा खेळ शिकवणारा कृणाल या एका गोष्टीत फार कडक होता. तो मढच्या कोळीवाड्यातला, घरची होडी, स्वतः अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. एरवी हसतखेळत, पण म्हणायचा, बाकी काहीही कर यार, नोंद खोटी टाकायची नाही. लोक त्या शब्दावर घरून निघतात. श्रुतिकाने ठरवलं की ताप पूर्ण उतरला की पुढच्याच रविवारी जायचं, नवा डबा ठेवायचा. म्हणजे खोटं चार दिवसांचंच.

३

तिसऱ्या दिवशी नोंद आली.

‘सापडला. घेतलं, कपड्याचा चिमटा. ठेवलं, तेवढंच.’

नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा होती आणि आजवर सापडलेल्या डब्यांचा आकडा शून्य. कुणी नवखा असणार. श्रुतिकाला हायसं वाटलं. म्हणजे डबा होता तर तिथेच, आधीचे तिघे आंधळे. आपण खोटं बोललो ते आपोआप खरं निघालं, या आनंदात चिमट्याचं तिला काही वाटलं नाही. डब्यात चिमटा तिने ठेवला नव्हता, पण येणारे-जाणारे काहीही ठेवतात.

संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना दोरीवर एक चिमटा कमी होता. निळा. अशा गोष्टी कुणी मोजत नाही, पण बारा चिमट्यांचं पाकीट तिने गेल्याच आठवड्यात आणलं होतं आणि आबांची बंडी एकाच चिमट्याने लोंबत होती. खाली पडला असेल म्हणून ती वाकून बघत होती, तेवढ्यात तिच्या मागे खट् असा आवाज आला. चिमटा दाबून सोडल्यावर येतो तसा. ती वळली. दोरी हलत नव्हती. पुन्हा खट्. त्यानंतर तो आवाज दिवसातून दोन-चारदा येऊ लागला. पाल असेल, लाकडी चौकट फुगली असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं.

दोन दिवसांनी दुसरी नोंद आली. ‘पुन्हा आलो. जिना चढून दुसरा मजला, चपलांच्या मांडणीमागून आत. घेतलं, एक चप्पल. ठेवलं, तेवढंच.’

वजनकाट्याला जिना नाही. लोक घाईत दुसऱ्याच डब्याची नोंद भलत्या पानावर टाकतात, ही रोजची रड आहे. श्रुतिकाने तेवढ्यापुरतं खांदे उडवले. मग उठून दाराबाहेरच्या मांडणीपाशी गेली. आबांची डावी चप्पल नव्हती. उजवी जागेवर होती. आबा दीड वर्षात जिना उतरले नव्हते, त्यांची चप्पल कोण कशाला नेईल. कुत्रं, ती स्वतःला म्हणाली. शेजारच्या नलिनीकाकूंनी मागे एकदा कुत्र्याने चप्पल पळवल्याचं सांगितलं होतंच.

त्या दिवसापासून दुपारच्या वेळी बाहेरच्या जिन्यावर कुणीतरी एक पाय टाकल्याचा आवाज यायचा. एकच पाय. दुसरा पडायची वाट बघत ती पोळपाटावर लाटणं धरून उभी राहायची, आणि तो कधी पडायचा नाही.

४

आबांना खोकला होता. वीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली, ती छातीत घर करून बसली होती. पहाटे साडेपाचला तो खोकला सुरू व्हायचा, आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक खरवडणारा, मग ‘आई गो’. श्रुतिकाने जन्मात गजर लावला नव्हता. त्या खोकल्यावर ती शाळेला गेली, कॉलेजला गेली, नोकरीला गेली.

मंगळवारी तिला जाग आली तेव्हा सव्वासात वाजले होते. खोलीत ऊन आलं होतं. ती धडपडत आबांच्या खाटेपाशी गेली. छाती वरखाली होत होती, चेहरा शांत होता. खोकला आला नव्हता.

“बरं वाटतंय, आबा?”

“खोकलो खंय गेलो गो?” आबा म्हणाले. त्यांनी छातीवर हात फिरवला. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसत नव्हतं. खिसा कापला गेलेला माणूस खिसा चाचपतो तसा त्यांचा हात फिरत होता.

औषध लागू पडलं, असं श्रुतिका मोठ्याने म्हणाली. मग फोन बघितला.

‘घेतलं, खोकला. ठेवलं, तेवढंच.’

ती खाली फरशीवर बसली आणि तिने नोंद पुन्हा वाचली. कुणीतरी मस्करी करतंय, असं तिचं मन सांगत होतं. खोकल्याचं कुणाला माहीत आहे? सगळ्या मजल्याला माहीत आहे. कोण करेल असं? ते मात्र मन सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिला जाग आली. खोकल्याने नाही. आबांच्या डोक्याशी असलेल्या भिंतीतून आवाज आला होता. ढप्प. जड लोखंड खाली बसावं तसा. मग थोडा वेळ काही नाही, मग परत वर येताना करकर. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वजनकाट्यावर पहिल्यांदा डबा लपवायला गेली तेव्हा ती त्या प्लेटवर उभी राहिली होती, आणि तिच्या वजनाने गंजलेली प्लेट अशीच एक बोट खाली बसली होती.

भिंतीपलीकडे खोली नाही. भिंतीपलीकडे दोन मजल्यांची हवा आहे आणि खाली गटार.

५

तिने कृणालला फोन लावला. सगळं सांगितलं. नोंद खोटी टाकल्याचंही सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

“थांब थांब,” तो म्हणाला. “तू गेलीच नव्हतीस?”

“नाही रे. आबांना ताप होता.”

“मी गेलो होतो, श्रुती. त्या तिघांतला तिसरा मीच होतो, दुसऱ्या नावाने टाकली नोंद, तुला चिडवायला. तिथे काटाच नाहीये आता. टॉवर येतोय, सगळं खणून ठेवलंय. प्लेट उचलून भिंतीला उभी केलीय. तू लिहिलंस डबा जागेवर आहे, मला वाटलं नवीन जागी ठेवला असशील.”

श्रुतिकाने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला.

“मग त्याला सापडतोय तो डबा कुठला?” कृणालने विचारलं.

“मला काय माहीत?”

“ॲप उघड ना. बाण कुठे दाखवतोय बघ.”

तिने ॲप उघडून वजनकाट्याचं पान काढलं. डबा किती लांब आहे ते ॲप बाण आणि आकडा दाखवून सांगतं. घरून तो आकडा कायम दोन किलोमीटरच्या आसपास असायचा. आता तिथे चार मीटर दिसत होतं. बाण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे होता.

नोंद घरून टाकली, फोनने घरचीच जागा उचलली असणार, तिने कृणालला सांगितलं. तोही म्हणाला, हो, होतं असं कधीकधी. दोघांनाही ते पटलं. मग ती फोन धरून बाहेरच्या खोलीत आली. तीन मीटर. दोन. आबांच्या खाटेपाशी शून्य.

तिने खाटेखाली वाकून पाहिलं. आईची पत्र्याची ट्रंक होती, धूळ होती, एक रबरी बूच होतं. तिने गादीखाली हात घातला, उशीचा अभ्रा काढून झटकला. आबा तिच्याकडे बघत होते. “काय हुडकतंस?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काही नाही. मग आबा उठले आणि भिंतीला धरत धरत मोरीकडे निघाले, आणि श्रुतिकाच्या हातातला आकडा बदलला. एक मीटर. दोन. बाण हळूहळू फिरला, आबांच्या पाठीवर रोखून राहिला, आणि ते मोरीच्या दाराशी दम खायला थांबले तेव्हा तोही थांबला.

“श्रुती? सापडला का?” फोनमधून कृणाल विचारत होता.

६

शुक्रवारी सकाळी ती पोहे परतत होती तेव्हा मागून आबा म्हणाले, “श्रुतिका, चहा झाला असेल तर मला अर्धा कप दे.”

तिच्या हातातून उलथणं पडलं.

वाक्यात वाईट काही नव्हतं. पण आबांनी आयुष्यात तिला श्रुतिका म्हटलं नव्हतं. चेडवा, बाय, फार रागावले तर भवानी. पन्नास वर्षं मुंबईत काढून त्यांची मालवणी तसूभर हलली नव्हती, साहेबासमोर नाही, डॉक्टरसमोर नाही. ती वळली. खाटेवर आबाच बसले होते. चेहरा त्यांचा, बंडी त्यांची, गुडघ्यावर हात ठेवायची ढब त्यांची. डोळ्यांत भीती होती. आपल्या तोंडून हे काय आलं, असं बघत होते.

“आबा, मालवणीत बोला.”

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. “मला येत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. श्रुतिकाने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. ते पूर्वीपेक्षा हलकं लागत होतं, का तिला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

फोन तिने बघितला नाही. त्यात काय लिहिलं असेल ते तिला माहीत होतं. आता आणखी किती काय नेण्यासारखं उरलं आहे, हाच हिशेब तिच्या डोक्यात फिरत होता. माणूस केवढा असतो? चिमट्याएवढ्या गोष्टींतून एक-एक काढत गेलं तर किती दिवस पुरतो?

संध्याकाळी कृणाल अंधेरीहून थेट घरी आला. आबांनी त्याला ‘या, बसा’ म्हटलं ते ऐकून त्याच्याही चेहऱ्याचा रंग उतरला. गॅलरीत उभं राहून दोघं हळू आवाजात बोलले.

“पान बंद करू का?” श्रुतिकाने विचारलं.

“करशील. पण बंद केलेला डबा मालकाने उचलून आणायचा असतो, हा नियम तुला माहितीये. नाहीतर तो तिथेच पडून राहतो, नुसता नकाशावर दिसत नाही.” कृणालने एकदा आत आबांकडे पाहिलं. “हे बघ, मला बाकीचं काय कळत नाही यार. भुताबिताचं तर आमच्या आईला विचार. पण या खेळातलं मला एक कळतं. तू जागा खोटी सांगितलीस ना? मग ती खरी कर. तिकडे जाऊन खरोखरचा डबा ठेव. डबा तिकडे असला की इकडे नसणार. सिंपल आहे.”

“तू येशील?”

“म्हणजे काय? एकटी जाणार होतीस?”

७

रविवारी सकाळी अकराला ते कारखान्याच्या आवारापाशी पोचले. आबांजवळ नलिनीकाकू बसल्या होत्या. आवाराला पत्रे लावले होते, फाटकावर वॉचमन. बघ्यांना बोलण्यात गुंतवणं हे नेहमी कृणालचं काम असे. त्याने वॉचमनला तंबाखू मागितली, गाव विचारलं, आणि पाच मिनिटांत दोघं जुने दोस्त असल्यासारखे हसायला लागले. श्रुतिका पत्र्यांच्या फटीतून आत शिरली.

काट्याच्या जागी लांबट चौकोनी खड्डा होता, पुरुषभर खोल, तळाला गढूळ पाणी. लोखंडी प्लेट भिंतीला टेकून उभी होती. जमिनीतला तो पाइप मात्र खड्ड्याच्या कडेला तसाच होता, आत रिकामा. ऊन चांगलं कडक होतं, रस्त्यावरून बस गेल्याचं ऐकू येत होतं, आणि तरी तिच्या दातांवर दात वाजत होते.

तिने पिशवीतून नवा डबा काढला, आत नवी वही. पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, ‘डबा जागेवर आहे.’ डबा पाइपमध्ये सरकवला. फोन पाहिला.

एक किलोमीटर नऊशे मीटर. बाण पूर्वेकडे, घराकडे.

काही झालं नाही असं वाटून ती रडायच्या बेतात होती, तेवढ्यात आकडा हलला. एक किलोमीटर आठशे. सातशे पन्नास. डबा निघाला होता. तिला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला, आणि मग फोन वाजला.

“श्रुतिका, आबा पोचले का गं?” नलिनीकाकू विचारत होत्या.

“कुठे पोचले?”

“अगं, एक जण आला ना आत्ता न्यायला. तुझंच नाव सांगितलं, श्रुतिकाने पाठवलंय म्हणाला. आणि आबा काय टुणकन उठले, जिना उतरले सुद्धा. मी म्हटलं बरंय, पोरगी बाहेर नेतेय त्यांना.”

“कोण होता? कसा दिसत होता?”

“आता तू विचारतेस तर,” त्या म्हणाल्या, “मला काही सांगता येईना.”

श्रुतिकाला तेव्हा कळलं की तिने काय केलं. डबा जागेवर आहे असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि डबा आता आपल्या जागेवर येत होता. तिने पाइपमधला डबा उपसून काढला, वहीतलं पान टरकावलं, चुरगाळून पाण्यात टाकलं. आकडा थांबला नाही. बाराशे. आठशे. एवढ्या वेगात एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा चालूच शकत नाही. तीनशे. पत्र्यांबाहेर कृणाल मोठ्याने हसत होता. नव्वद. चाळीस.

तोलाऱ्याच्या खोलीमागून आबा आले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. त्यांचा दंड कुणीतरी धरला होता, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करताना धरतात तसा, अगदी जपून. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीला सॅक, कपाळावर ओढलेली टोपी, हातात फोन. डबे शोधणारा कुठलाही माणूस असाच दिसतो. फोन त्याने चेहऱ्यासमोर धरला होता आणि तो खाली घेत नव्हता. चालता चालता तो खोकला. दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक, खरवडणारा.

“गावलो गो चेडवा,” तो म्हणाला. आवाज आबांचा होता.

खड्ड्याच्या काठाशी ते दोघं थांबले. आबांनी उजवा पाय उचलला आणि पुढे, जिथे जमीन नव्हती तिथे, धरला. श्रुतिकाने झेप घेऊन त्यांचा हात पकडला आणि ओढला. चाळीस-पंचेचाळीस किलोचा देह, तापात ती त्यांना रोज उचलून बसवायची, पण आज तो तसूभरही सरकला नाही. आबांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख पुसत चालली होती, तिच्या देखत.

त्या दुसऱ्याने आबांचा दंड सोडला आणि तोच हात पुढे केला, तळवा वर. तो वाट बघत होता.

तिने विचार केला नाही असं तिला नंतर म्हणता आलं असतं, पण तिने विचार केला होता. नियम तिला पाठ होता. डब्यातून काही उचलायचं तर बदल्यात तेवढ्याच तोलाचं ठेवायचं. आबांना धरलेला हात न सोडता तिने वही गुडघ्यावर उघडली. लिहिलं, ‘घेतलं, आबा.’ खाली लिहिलं, ‘ठेवलं,’ आणि पेन थांबलं. स्वतःचं नाव लिहावं असं वाटलं, श्र काढलाही. मग मनात आलं की आपण गेलो तर यांना पेज कोण भरवणार? राजेश दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात टाकेल. आणि शेवटी हे कागदावरच तर लिहायचं आहे. त्याने काय होतंय? मन असं भराभर सांगत गेलं आणि तिने श्र खोडला. पत्र्यांपलीकडे कृणाल वॉचमनला काहीतरी गंमत सांगत होता. तिने त्याचं नाव लिहिलं.

कृणालचं हसणं मध्येच तुटलं.

तिच्या हातातल्या हाताला एकदम वजन आलं आणि आबा तिच्या अंगावर कोसळले. तिने वर पाहिलं तेव्हा काठावर कुणी नव्हतं. घटकाभराने कृणाल फटीतून आत आला, आबांना बघून चकित झाला. “हे इथे कसे?” तो म्हणाला. तो नेहमीसारखाच दिसत होता. त्याने आबांना पाठीवर घेऊन रिक्षेपर्यंत नेलं.

रिक्षात, पुलावर, आबांना खोकल्याची उबळ आली. “आई गो,” ते म्हणाले. “खंय हाडलंस गो माका, चेडवा?” श्रुतिका त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून घर येईपर्यंत रडत होती. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

८

घरी येताच तिने पान बंद केलं आणि मग ॲपच काढून टाकलं. कृणालला दोनदा मेसेज केला, ‘बरा आहेस ना?’ त्याने दोन्हीदा अंगठा पाठवला. बघ, काही झालं नाही, ती स्वतःला म्हणाली.

नवव्या दिवशी मढहून कृणालच्या आईचा, कृष्णाबाईंचा फोन आला. श्रुतिका त्यांना एकदाच भेटली होती, त्यांनी तिला समोर बसवून भरलेलं पापलेट खाऊ घातलं होतं.

“बाय, कृणालला काय झालाय तुला ठाव हाय का?” त्या म्हणाल्या. “म्हावरं खात नाय. पुढ्यात बोंबील ठेवला तर म्हणतो, याला वास कुठे आहे. सकाळी शीळ घालीत अंघोळीला जायचा, ती शीळ नाय. मला आई म्हणत नाय, अहो म्हणतो. आणि पहाटचं भिंतीत कायतरी वाजतंय.”

“व्हायरल आहे, मावशी,” श्रुतिका म्हणाली. “सगळीकडे चाललंय. तोंडाची चव जाते.”

“तू ये ना एकदा. तुझं ऐकतो तो.”

“रविवारी येते.”

रविवारी ती कुठेही गेली नाही. आबांची नखं कापली, त्यांना न्हाऊ घातलं. दुपारी जेवण झाल्यावर सुपारी कातरत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते, आणि श्रुतिका भांडी आवरत होती, तेव्हा परत कृष्णाबाईंचा फोन आला. मागे समुद्राचा वारा ऐकू येत होता.

“बाय, तू कोणाला पाठवलंस का गं?” त्यांनी विचारलं. “दारात एक जण उभा हाय. कृणालला न्यायला आलाय म्हणतो. तुझंच नाव सांगतो. कृणाल तर चपला घालून तयार झालाय. जाऊ देऊ का?”

श्रुतिका फोन कानाला लावून उभी राहिली. नळ चालू होता. नको, दार लावा, मी येते, एवढे पाच शब्द होते. ते म्हटले की तो तिथून परत फिरणार, आणि परत फिरला की कुठे येणार, ते तिला ठाऊक होतं.

“बाय? हायस ना?”

“कोणाचो गो फोन?” उंबऱ्यातून आबांनी विचारलं.

श्रुतिकाने त्यांच्याकडे पाहिलं.

“राँग नंबर,” ती म्हणाली, आणि नळ बंद केला.